भुवईवर पास

बाटल्यांच्या त्या कारखान्यात मामांना सगळेच मामा म्हणायचे. खरं पाहता तो हक्क एकाच माणसाचा, त्यांच्या जावयाचा. पण हक्क विचारून कोण कुणाला हाक मारतो? मामा चार नंबरच्या मशीनवर होते आणि जावई त्याच कारखान्यात सेफ्टी ऑफिसर. त्याची नोकरी आधी लागली आणि सोयरीक मागाहून जुळली, त्यामुळे वशिल्याचा तट्टू म्हणायची सोय कुणाला राहिली नव्हती. लोकांनी ती कसर दुसरीकडे भरून काढली. त्याचं नाव, हुद्दा, डिग्री सगळं बाजूला ठेवून भट्टीपासून गेटपर्यंत जो तो त्याला जावई म्हणू लागला. सगळा कारखाना म्हणतो तर आपण तरी वेगळं कशाला म्हणा.

जावयाचं काम म्हणजे कायद्याचं पोट भरणं. धुराड्यातून काय गेलं, नाल्यात काय सोडलं, हवेच्या टाक्या कधी तपासल्या, कुठल्या खात्यात किती गोंगाट, कामगारांची छाती कशी, डोळे कसे, कान कसे, हे सगळं सरकारला वेळच्या वेळी कळवायचं. कायद्याला भूक रोजची आणि कारखान्यातले वाढणारे हात आळशी. महिनाअखेर आली की जावई खात्याखात्यातून फिरायचा, 'आज देतो', 'उद्या नक्की' ऐकायचा आणि शेवटी डोळ्यांत तेल घालून एकटाच आकडे जुळवत बसायचा. त्या दिवसांत घरी त्याच्या वाटेला कुणी जात नसे.

म्हणून त्याने मोठ्या साहेबांच्या मागे भुणभुण लावली आणि एकदाची ती नवी यंत्रणा आली. धुराड्यावर, नाल्याच्या तोंडाशी, मशीनच्या डोक्यावर छोटे छोटे डबे बसले. त्यांनी आपले आकडे आपणच संगणकाला सांगायचे आणि संगणकाने ते परस्पर सरकारी कचेरीत धाडायचे. कुठे काही मर्यादेबाहेर गेलं तर साहेबांचा फोन कोकलणार. कुणी तपासणी चुकवली किंवा तपासणीत नापास झाला, तर त्या खात्याच्या दारावर त्याचं कार्ड लाल होणार. मग रडा, ओरडा, साहेबांची ओळख सांगा, दार उघडायचं नाही. फिटरने या यंत्रणेला पहिल्याच आठवड्यात नाव ठेवलं, आणि ते दोन्ही अर्थांनी. सासू.

"सासूच का रे?" जावयाने विचारलं.

"दिवसभर एक शब्द बोलत नाही, साहेब. नुसती बघते. आणि संध्याकाळी सगळं वर सांगते."

जावयाला मात्र ही सासू मनापासून आवडली. महिनाअखेरीला तो उजेडी घरी पोचू लागला, तेव्हा बायकोने त्याला बरं वाटत नाही का म्हणून विचारलं. सासू कुणाची भीडभाड ठेवत नाही, हाच तर तिचा मोठा गुण, असं तो भेटेल त्याला सांगत सुटला. तिचे सगळे नियम त्याने स्वतः बसून वाचले होते. ते आपल्या घराचा उंबरठा ओलांडतील, एवढंच त्याच्या डोक्यात आलं नव्हतं.

बाटल्यांच्या कारखान्याला दोन बाजू असतात. गरम बाजूला भट्टीतून काचेचा लालबुंद गोळा साच्यात पडतो आणि हवेच्या फटक्यासरशी त्याची बाटली होते. थंड बाजूला तयार बाटल्या उजेडासमोर धरून तपासतात आणि खोक्यांत भरतात. गरम बाजूला त्या हवेचा असा काही आवाज असतो, की शेजारचा माणूस कानाशी येऊन ओरडला तरी त्याचे फक्त दात दिसतात. तिथल्या लोकांचे कान दर वर्षी तपासायचे असा नियमच आहे. आजवर ही तपासणी कारखान्याच्या दवाखान्यातली सिस्टर करायची. माणसाने कानांवर हेडफोन लावून काचेपलीकडे बसायचं, तिने बटण दाबून कधी बारीक, कधी जाड शिटी वाजवायची, आणि ऐकू आली की माणसाने बोट वर करायचं. गरम बाजूची मंडळी दर वर्षी झकास पास व्हायची. मामांचा निकाल तर असा लागायचा, की सिस्टर म्हणे, यांना मुंगी चाललेली ऐकू येत असेल.

सासूबरोबर एक पेटी आली. माणूस बसेल एवढी, आतून मऊ, दार लावलं की चिडीचूप. शिट्या आपोआप वाजायच्या, बोटाऐवजी बटण दाबायचं, निकाल थेट सासूच्या पोटात. गरम बाजूची माणसं एकेक करून आत गेली आणि तोंडं पाडून बाहेर आली. बहुतेकांच्या नावापुढे पिवळी खूण लागली, म्हणजे यांच्यावर लक्ष ठेवा. मामांच्या नावापुढे लाल लागली. महिनाअखेरपर्यंत मुदत, त्यानंतर गरम बाजूचं दार त्यांच्यासाठी बंद.

जावयाला आधी वाटलं, पेटीच बिघडली. तो स्वतः आत जाऊन बसला. एकूण एक शिटी ऐकू आली. मग तो तडक दवाखान्यात गेला. सिस्टर फिटरच्या अंगठ्याला पट्टी बांधत होती.

"सिस्टर, मामा तुमच्याकडे दर वर्षी पहिल्या नंबराने पास होतात. मग पेटीत असं कसं झालं?"

"मला काय विचारताय? मी तर शिटी वाजवली आणि त्यांनी बोट वर केलं. एकदाही चुकले नाहीत हो."

फिटर खाली मान घालून खुदूखुदू हसायला लागला. सिस्टरने पट्टी जरा आवळली तेव्हा कुठे तो बोलता झाला.

"तुम्ही बटण दाबलंत की तुमची भुवई वर जाते, सिस्टर. डावी. दर वेळी. आमच्याकडे नवीन माणूस आला की त्याला आधी हे शिकवतात, मग मशीन. आम्ही त्याला म्हणतो, भुवईवर पास."

"काहीतरीच काय!"

जावयाने जुन्या हेडफोनची वायर उपटली, तो मुका हेडफोन कानांवर चढवला आणि काचेपलीकडे जाऊन बसला. म्हणाला, घ्या माझी परीक्षा. सिस्टरने चेहरा दगडासारखा करून बटण दाबलं. भुवई गेली वर. तिने ओठ घट्ट मिटून पुन्हा दाबलं, तर भुवई आणखीच वर. लेकराला घास भरवताना आईचं तोंड आपोआप उघडतं, तसं होतं ते. समोरच्या माणसाला ऐकू यावं असं तिला मनापासून वाटायचं, आणि ते वाटणं चेहऱ्यावर आल्याशिवाय राहत नव्हतं. जावई एकही शिटी न ऐकता पहिल्या नंबराने पास झाला.

"म्हणजे इतकी वर्षं मी माझीच परीक्षा घेत होते," सिस्टर म्हणाली आणि कपाळाला हात लावून बसून राहिली.

"मामांनी सगळ्यांना मामा बनवलं!" फिटर म्हणाला. जावयालाही हसू फुटलं. घरी जाईपर्यंत ते टिकलं नाही.

त्याची बायको, म्हणजे मामांची लेक, घसा मोकळा सोडून बोलणारी. तिच्या माहेरी सगळेच तसे. पहिल्यांदा त्यांच्या घरी गेला तेव्हा हा दारातच थबकला होता, आत भांडण जुंपलंय असं वाटून. आत जाऊन बघतो तर चहात साखर किती घालायची याची चौकशी चाललेली. 'आमच्याकडे असंच असतं' म्हणून तिने तेव्हा हसण्यावारी नेलं होतं. आता त्याने पेटीचं, भुवईचं, लाल खुणेचं सगळं सांगितलं तर तिचा विश्वासच बसेना.

"बहिरे? बाबा? भलतंच काय! माझ्याशी तर नीट बोलतात."

"तू ओरडतेस म्हणून."

"मी कुठे ओरडते?" ती ओरडली. आणि मग तिला आपलंच ऐकू आलं असावं. ती खुर्चीवर बसली. 

"लहानपणी दिवे गेले ना," ती म्हणाली, "की आम्ही सगळे गप्पा मारत बसायचो आणि बाबा एकदम गप्प व्हायचे. हाक मारली तरी ओ द्यायचे नाहीत. मला वाटायचं, अंधाराला घाबरतात बिचारे. मी त्यांचा हात धरून बसायचे." तिने डोळे पुसले. "आमचे ओठ दिसत नसणार रे त्यांना."

तिनेच मामांना कानाच्या डॉक्टरकडे नेलं. मामा कुरकुरत गेले. डॉक्टरने सांगितलं ते स्पष्ट होतं. उजवा कान गेल्यात जमा. डाव्यात अजून थोडी धुगधुगी आहे, त्यात यंत्र बसवलं तर बरंच ऐकू येईल. पण त्या गोंगाटातून बाहेर पडायला हवं. आणखी थोडी वर्षं तिथे काढली तर डावाही जाईल, आणि मग यंत्र घालूनही उपयोग व्हायचा नाही.

इकडे मोठ्या साहेबांनी जावयाला बोलावून घेतलं. खुर्चीत मागे रेलून ते म्हणाले, "तुझ्या त्या यंत्रणेत अपवादाची सोय आहे म्हणे. सेफ्टी ऑफिसरने कारण लिहायचं, खाली आपलं नाव घालायचं, की कार्ड पुन्हा हिरवं. मी काही सांगत नाही हं. तुझा प्रांत आहे, तू बघ. फक्त मामा नसले की चार नंबरचं मशीन रडतं, एवढं ध्यानात ठेव."

साहेब लोक काही सांगत नाहीत तेव्हा काय सांगतात, ते नोकरी करणाऱ्या कुणालाही समजतं.

दुसऱ्या दिवशी मामाच त्याच्या केबिनमध्ये आले. कारखान्यात ते त्याला साहेब म्हणत आणि घरी जावईबापू. अहो-जाहो मात्र दोन्हीकडे. दार लावून घेऊन ते समोर बसले, त्याचं तोंड नीट दिसेल असे. ते नेहमी असेच बसत, हे त्याच्या आज लक्षात आलं.

"आजवर तुमच्याकडे काही मागितलं नाही," मामा म्हणाले.

"नाही, मामा."

"मागणारही नव्हतो. मुलगी दिली तेव्हासुद्धा अट घातली नाही. पण तो अपवाद का काय तो, तेवढा करा. कान माझे आहेत. गेले तर माझे जातील."

"डावा वाचतोय, मामा. डॉक्टर म्हणतात..."

"डॉक्टर त्याच्या खोलीत बसून म्हणतो. तुम्ही चला माझ्याबरोबर."

ते त्याला गरम बाजूला घेऊन गेले. जावई तिथे शेकडो वेळा गेला असेल. पण जायचा तो वहीत खुणा करायला, कुणी कानात बोळे घातलेत का ते बघायला, आणि दहा मिनिटांत बाहेर. आज मामांनी त्याला चार नंबरपाशी उभं केलं आणि खांद्यावर दाबून सांगितलं, हलायचं नाही. कानांवर जाड झाकणं असूनही आवाज छातीत घुसत होता. लाल गोळे टपाटप पडत होते, बाटल्या रांगेने निघत होत्या.

आणि माणसं बोलत होती. हे त्याने कधी बघितलंच नव्हतं. मामांनी दोन बोटं मनगटावर आपटली, तसा पलीकडचा तेलाचा ब्रश घेऊन साच्याकडे धावला. त्या टोकाच्या एकाने गाल फुगवले, पोटावर हात फिरवला आणि ऑफिसच्या दिशेने अंगठा केला. मोठे साहेब असणार. मामांनी त्याला उत्तर दिलं. नुसत्या हातांनी, पण काय ते हात! मान, खांदे, भुवया, सगळं अंग बोलत होतं. एक लांबलचक किस्सा त्यांनी रंगवला. ओळीतला प्रत्येक जण काम न थांबवता तिरक्या नजरेने तो बघत होता, आणि शेवटाला सगळेच्या सगळे पोट धरून हसले.

जावयाला एक अक्षर कळलं नाही. किस्सा आपल्यावर होता का, हेही कळलं नाही. सगळे हसले म्हणून तोही हसला. जरा उशिरा आणि जरा जास्तच.

ते हसू तोंडावर असतानाच त्याला चटका बसला. हे हसू त्याने पाहिलं होतं. रविवारी, स्वतःच्या घरी, जेवायला बसल्यावर, सगळ्यांच्या मागोमाग मामांच्या तोंडावर ते यायचं. मामा किती खेळकर आहेत, सगळ्या विनोदांना हसतात, असं त्याला वाटत आलं होतं.

बाहेर आल्यावर मामांनी त्याच्या कानांवरची झाकणं स्वतःच्या हाताने काढली.

"कळलं? तिथे मी बहिरा नाही. तिथे तुम्ही बहिरे आहात." ते रागाने बोलत नव्हते, समजावून सांगत होते. "थंड बाजूला शांतता आहे. तिथे माणसं पाठ फिरवून हळू आवाजात बोलतात. तिथे टाकलंत की मी त्या दिवसापासून बहिरा. यंत्र घालून आवाज येईल हो, पण बोलायला माणूस कुठून येणार?"

जावयाने त्या दिवशी जेवणाचा डबा तसाच परत नेला. बायकोने विचारलं तेव्हा त्याने मामांचं म्हणणं जसंच्या तसं सांगितलं. ती ऐकून म्हणाली, "मला विचारशील तर मला त्यांचा कान हवाय. पण मी मुलगी आहे, मी आपल्यापुरतंच बघणार. तू आपल्यापुरतं बघू नकोस." एवढं बोलून तिने निर्णय त्याच्या पदरात टाकला आणि स्वयंपाकघरात गेली.

महिना संपत आला तशी जावयाने केबिनमध्ये बसून ती अपवादाची खिडकी उघडली. कारण लिहा, असं तिथे लिहिलं होतं. त्याने 'कामगार अनुभवी आहे' असं लिहिलं आणि खोडलं. 'उत्पादनावर परिणाम होईल' लिहिलं; तेही खोडलं, कारण ते साहेबांचं कारण होतं. शेवटी जे खरं होतं तेच लिहिलं. 'तिथे ते बहिरे नाहीत.' बटण दाबलं.

कारण नोंदवले, सासू म्हणाली. जबाबदार व्यक्तीचे नाव लिहा.

तो पडद्याकडे बघतच राहिला. एवढी कडक म्हणून जिचे गोडवे गायले, तिने काही खळखळ केली नाही. त्याने काहीही लिहिलं असतं तरी तिने घेतलं असतं. हिंदी गाणं लिहिलं असतं तरी घेतलं असतं. तिला कारणाशी देणंघेणं नव्हतं. नाव घातलं की तिचं काम झालं. म्हणजे ती काही ठरवणार नव्हतीच. शिट्या, डबे, पेटी, लाल खुणा सगळं ओलांडून गोष्ट अखेर एका माणसाच्या चेहऱ्यावर येऊन थांबली होती, आणि तो चेहरा त्याचा होता. मामांना पास करायला आता त्याची भुवई वर जायची तेवढी बाकी होती. सिस्टरची नकळत जायची. त्याला सगळं कळून सवरून करायची होती. लोक ज्याला कानाडोळा म्हणतात तो याहून वेगळा काय असतो, असं त्याला वाटलं. सिस्टरच्या प्रेमाने मामांचा उजवा कान खाल्ला. डावा आपल्या प्रेमाने खायचा का, हा प्रश्न एकदा मनात आल्यावर त्याचा हात पुढे होईना.

त्याने खिडकी बंद केली. बरं मुळीच वाटलं नाही. योग्य केलं की माणसाला हलकं वाटतं असं म्हणतात, ते निदान त्याच्या बाबतीत खोटं ठरलं.

मामांना ते त्याने स्वतः सांगितलं. निरोप धाडला नाही. गेटजवळच्या झाडाखाली, भर उन्हात, त्यांच्या समोर उभा राहून, ओठ नीट दिसतील असं.

"मामा, मी अपवाद केला नाही. करणारही नाही."

मामा त्याच्या तोंडाकडे बघत राहिले. कदाचित आपण चुकीचं वाचलं असं त्यांना वाटलं असेल. त्याने पुन्हा तेच सांगितलं.

"बरं," मामा म्हणाले आणि गेले.

एक तारखेला गरम बाजूच्या दाराने त्यांचं कार्ड लाल केलं आणि थंड बाजूच्या दाराने हिरवं. चार नंबरवर दुसरा माणूस आला आणि साहेब म्हणाले होते तसं ते मशीन काही दिवस खरंच रडलं. गरम बाजूची माणसं जावई आला की एकमेकांना काहीतरी खुणावत. काय ते कुणी सांगत नव्हतं आणि तोही विचारत नव्हता. मामांचं रविवारी येणं थांबलं. लेकीने डाव्या कानात यंत्र बसवून आणलं, त्याची किंमत, त्याची खरखर, सगळी हकिकत जावयाला तिच्याकडूनच कळायची. रोज माहेरी जाऊन आली की ती गप्प गप्प असायची. हळू बोलायची सवय करतेय, असं तिने एकदा सांगितलं, आणि ती जमत नाही म्हणून हसली.

थंड बाजूला पाय टाकायचं जावई टाळत होता. शेवटी तिथल्या दिव्यांची तपासणी आली. दिवे काही सासूला स्वतःहून तपासता येत नव्हते, माणूसच लागायचा, आणि तो माणूस म्हणजे हाच.

लांबलचक टेबलांवर बाटल्या सरकत होत्या, अधूनमधून काचेला काच लागून किणकिणत होत्या. बायका, पुरुष खालच्या आवाजात बोलत काम करत होते. मामा पार टोकाला पाठमोरे बसले होते, बाटली उजेडासमोर धरून फिरवत. डाव्या कानामागे शेंगदाण्याएवढं यंत्र दिसत होतं. जावई सवयीने वळसा घालून त्यांच्या समोर जायला निघाला.

"आहेस तिथे थांब," मामा म्हणाले. "दिवे बघायला येणारेस, हे मघाशीच कानावर आलं. आता पावलंही ऐकली मी तुझी."

जावई जागच्या जागी थांबला. लग्न झाल्यापासून मामांनी त्याला कधी अरे-तुरे केलं नव्हतं. हा राग होता की आणखी काही, ते त्याला पाठीवरून कळेना.

"कसं काय चाललंय, मामा?"

"बडबड चाललीय नुसती. इतकी वर्षं इकडून जाता-येता बघायचो, ही माणसं डोक्याला डोकं लावून काय ते बोलतायत. वाटायचं, काहीतरी मोठं चाललंय आणि आपल्या वाट्याला त्यातलं काहीच नाही. आता ऐकतोय. कुणाचे गुडघे दुखतात, कुणाच्या सुनेने किल्ली कुठे हरवली. यासाठी मी जळत होतो?"

जावयाला हसू आलं.

"हसू नकोस. मी रागावलोय तुझ्यावर." हे ते इतक्या हळू म्हणाले, की शेजारच्या टेबलालाही कळलं नसेल. "तिकडे शब्दागणिक हात चालवावा लागायचा, म्हणून कुणी फुकटचं बोलायचं नाही. ते गेलं माझं. ते परत यायचं नाही."

"नाही यायचं," जावई म्हणाला. दुसरं काही म्हणणं खोटं झालं असतं.

मामांनी ती बाटली खोक्यात ठेवली. दुसरी उचलली, पण उजेडासमोर धरली नाही.

"यंत्र बसवलं ना, तेव्हा डॉक्टर म्हणाला, काहीतरी बोलून बघा. मी म्हटलं, काय बोलू? आणि दचकून मागे वळलो."

"का?"

"बाप आला असं वाटलं. माझा बाप. त्याचाच आवाज, तसाच खरखरीत. किती वर्षं झाली रे त्याला जाऊन. बघतो तर खोलीत डॉक्टरशिवाय कुणी नाही." त्यांनी बाटली हातातल्या हातात फिरवली. "मीच होतो तो. माझा आवाज कधी म्हातारा झाला, मला कळलंच नाही."

जावई त्यांच्या पाठीकडे बघत राहिला. बाटल्या सरकत राहिल्या. मामांनी हातातली बाटली उजेडात फिरवली, तळाशी बोट लावून बघितलं आणि चांगली निघाली तशी खोक्यात ठेवून दिली.

"बोल की काहीतरी," ते म्हणाले. "ऐकतोय मी."

जावई दिव्यांची तपासणी विसरून तिथेच त्यांच्या मागे उभा राहिला आणि घरच्या इकडच्या तिकडच्या गोष्टी सांगू लागला, आपल्या नेहमीच्या आवाजात. मामा मधूनमधून हं म्हणत होते. तो बोलत होता तोवर त्यांनी एकदाही मागे वळून त्याच्या तोंडाकडे पाहिलं नाही.